फोटोला टिचकी मारता येत नाही

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचा हंडा घ्यायला आलेली बाई आधी तो उचलून तोलून बघते. मग आडवा करून तळ पाहते, काठावरून बोट फिरवते, जोड कुठे आहे ते चाचपते. सगळ्यात शेवटी नखाने एक टिचकी मारते आणि कान देते. किंमत विचारायची वेळ त्यानंतर येते. दुकानदार तोवर मधे बोलत नाही, कारण त्याच्या बोलण्यापेक्षा हंडाच जास्त बोलतोय हे त्याला ठाऊक असतं. पत्रा जाड की पातळ, तळ सपाट की डुगडुगता, काठ नीट वळवलाय की हाताला लागतोय, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात ठरून जातं.

हाच हंडा मोबाइलवर विकायला काढला की गिऱ्हाइकाच्या हाती काय उरतं? बहुतेक वेळा एकच फोटो. तोही ट्यूबलाइटखाली, फरशीवर ठेवून वरून घेतलेला. मागे खोक्यांची चळत, आणि हंड्याच्या चकचकीत पोटात छताचा पंखा, दिव्याची नळी आणि फोटो काढणाऱ्याचं स्वतःचं पोट. खाली मजकूर असतो, ‘उत्तम क्वालिटी, किंमत इनबॉक्स’.

छोट्या धंद्यासाठी घरच्या घरी फोटो कसे काढावेत, हा विषय निघाला की बोलणं लगेच कॅमेऱ्यावर जातं. कोणता मोबाइल, किती मेगापिक्सेल, रिंगलाइट घ्यावा का. वास्तविक गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल या कामाला पुरून उरतो. अडतं ते दुसरीकडे. दुकानात गिऱ्हाइकाचा हात जे जे करतो, ते सगळं काम आता फोटोला करायचं आहे, हेच लक्षात घेतलं जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप जानेवारी २०१८मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९मध्ये, त्यात कॅटलॉगची सोय झाली. भारत ती सोय मिळालेल्या पहिल्या काही देशांत होता. त्यात एका वस्तूचे दहा फोटो लावता येतात. दहा जागा फुकट मिळालेल्या असताना नऊ रिकाम्या ठेवणारे विक्रेते पैशाला पासरी सापडतील.

तोललं, तळ पाहिला, काठ चाचपला. म्हणजे तीन फोटो तिथेच ठरले.

खरं तर या विद्येत नाशिकची परंपरा मोठी आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०चा. चित्रपटांकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रणाचं शिक्षण घेतलं होतं आणि गोध्र्याला स्टुडिओही थाटला होता. १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हा एका गोष्टीची टंचाई होती, ती पैशांची. चित्रपट म्हणजे काय हे ज्यांनी धड पाहिलं नाही त्यांना त्यात पैसा घालायला कसं राजी करायचं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर एका जागी पक्का केला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली, ‘अंकुराची वाढ’. दाण्यातून कोंब फुटतो आणि बघता बघता रोप उभं राहतं, हे पाहिल्यावर भांडवल द्यायला माणूस तयार झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

या गोष्टीत घरून माल विकणाऱ्याच्या उपयोगाचं बरंच काही आहे. एक वस्तू, एक जागा, न हलणारा कॅमेरा. आणि समोरच्याला जी शंका आहे नेमकी तिचंच उत्तर देणारं चित्र. आणखी एक तपशील याहूनही कामाचा आहे. चित्रीकरणाच्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत, असं फाळक्यांविषयीच्या लेखनात सांगितलेलं आढळतं. चादरीवरून परतलेला उजेड नटांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढी. शंभरेक वर्षांनंतरही ही युक्ती जशीच्या तशी चालते, आणि आता तर कुणाला उन्हात उभं राहायचीही गरज नाही.

घरातली एक खिडकी पुरते. थेट ऊन न येणारी, मोठी, आणि समोर रंगीत भिंत नसलेली. समोरच्या इमारतीला पोपटी रंग असला की तो उजेडातून आत येऊन पांढऱ्या वाटीवरही बसतो. खिडकीशी टेबल लावायचं, वस्तू अशी ठेवायची की उजेड एका बाजूने येईल, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोल उभा करायचा. पुठ्ठा जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद. मागे पांढऱ्या कार्डशीटचं एक टोक भिंतीला चिकटवून दुसरं टेबलावर अलगद सोडलं की मधे गोलाई येते आणि टेबल कुठे संपलं, भिंत कुठे सुरू झाली ती रेघ दिसत नाही. एवढाच स्टुडिओ. कार्डशीट मात्र घडी घालून ठेवू नये. घडीची रेघ प्रत्येक फोटोत उगवते आणि ती पुसण्यात पुढची संध्याकाळ जाते.

उत्तरेची खिडकी चांगली, असं फोटोच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं बहुधा थंड देशांत लिहिलेली असतात. तिथे सूर्य कायम दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत भर दुपारी ऊन येण्याचा प्रश्नच नाही. नाशिक विषुववृत्तापासून अवघं २० अंशांवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. अशा वेळी खिडकीवर बटर पेपर किंवा धुतलेलं पांढरं सुती धोतर ताणून लावलं की ऊन गाळून येतं. पुढे पावसाळा लागला की आभाळच ते काम करतं. ढगाळ दिवसाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ पडतात. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे बघायला शहर जमतं. फोटो काढणाऱ्यांनी त्या दिवसांत घरी खिडकीपाशी बसावं.

दिवा मात्र बंद. ही चूक सर्रास होते. ‘जरा अजून उजेड’ म्हणून खिडकी उघडी ठेवून खोलीतला बल्बही लावला जातो. बल्बचा उजेड पिवळसर, खिडकीतला त्या मानाने निळसर, आणि मोबाइलला दोन्हींचा समतोल एकाच वेळी साधता येत नाही. मग भांड्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळी. हळदीच्या पाकिटाचं तर आणखी वाईट. चौकटभर पिवळं पाहून मोबाइल तो रंग ‘दुरुस्त’ करायला जातो आणि सांगलीची हळद आजारी दिसू लागते. यावर सोपा इलाज म्हणजे पहिल्या फोटोत वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवायचा. नंतर रंग सारखे करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत फिरवायचं आणि तेवढाच फरक बाकीच्या फोटोंना लावायचा.

मोबाइलबद्दल दोनचार गोष्टी, त्याही भराभर. भिंग पुसावं, खिशातल्या तेलकट बोटांचा थर त्यावर असतोच. मोबाइलचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं, त्यामुळे जवळ जाऊन फोटो घेतला की तांब्याचं पोट फुगतं आणि तळ निमुळता होतो. दोन पावलं मागे यावं आणि दुप्पट झूम करावं. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून, टायमर लावून फोटो घेतला तर हात हलत नाही. आणि पडद्यावर बोट टेकवलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायला शिकावं. कारण कॅमेरा समोरचं सगळं साधारण मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढऱ्या कागदावर पांढरी कुरडई ठेवली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो दोन्ही मळकट करून टाकतो. अशा वेळी सूर्य वर सरकवायचा. काळ्या साडीच्या वेळी खाली.

आता धातू. हा सगळ्यात अवघड माल, आणि नाशिकला तोच जास्त. तांब्या-पितळेचा बाजार आहे, सराफ बाजारात चांदी आहे. चकचकीत धातूला स्वतःचं रूप नसतंच म्हटलं तरी चालेल. तो आरसा असतो, आणि फोटोत दिसतं ते त्याच्या भोवतालचं जग. त्यामुळे धातूचा फोटो काढायचा म्हणजे भोवतालचं जग नीटनेटकं करायचं. चारी बाजूंनी पांढरं कापड किंवा पुठ्ठे लावून छोटासा तंबू करायचा आणि समोरच्या पुठ्ठ्याला भिंगापुरतं भोक पाडून त्यातून फोटो घ्यायचा. पंखा गेला, ट्यूब गेली, पोट गेलं. पण इथे थांबलं तर पितळ प्लास्टिकसारखं सपाट दिसतं, कारण त्यात आता फक्त पांढरंच दिसतंय. म्हणून जाणकार फोटोग्राफर दोन बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करतात. त्या भांड्याच्या कडेला काळ्या रेघा होऊन उमटतात आणि आकार ठसठशीत होतो. पूर्ण गोल कलशात भोवतालचं जवळजवळ सगळंच दिसतं, तेव्हा भिंगाचं एक काळं टिंब राहिलं तर राहू द्यावं.

ठोक्यांच्या भांड्याला हा तंबू नको. तांबट हातोडीने एकेक खळगा उठवतो तेव्हा पत्रा कणखर होतो, आणि त्या कामाचेच तर पैसे असतात. हे खळगे दिसायचे असतील तर उजेड अगदी बाजूने, जवळजवळ भांड्याला घासून यायला हवा. प्रत्येक खळग्याची एक कड उजळते, दुसरी काळवंडते. समोरून फ्लॅश मारला तर सगळे ठोके नाहीसे होतात आणि यंत्रावरच्या मालात व हातच्या मालात फोटोपुरता काही फरक उरत नाही. मग गिऱ्हाईक विचारतं, ‘एवढं महाग का?’ त्याचं काय चुकलं?

तांब्याच्या बाबतीत आणखी एक अडचण प्रामाणिकपणाची आहे. चिंच-मीठ लावून घासलेलं तांबं गुलाबीसर झळाळतं, आणि अर्थात फोटो त्याच वेळी काढला जातो. पार्सल घरी पोचेपर्यंत ते मंदावतं, वापरात तपकिरी होतं, डाग धरतं. हा धातूचा धर्म आहे, पण ज्याच्या घरात तांबं वापरात नाही त्याला वाटतं आपल्याला जुना माल खपवला. म्हणून घासलेल्या तांब्याशेजारी महिनाभर वापरलेला तसाच तांब्या ठेवून काढलेला एक फोटो पुढची पुष्कळ भांडणं वाचवतो.

नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवर येवला. पैठणीच्या फोटोची गोष्ट याच्या उलटी आहे. तिथे चमक घालवायची नाही, पकडायची आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली पैठणी हलवली की रंग बदलते. एका फोटोत त्यातला एकच रंग येतो आणि साडी पोचल्यावर ‘रंग वेगळाच आहे’ असा फोन येतो. अशा साडीचे दोन कोनांतून दोन फोटो हवेत, किंवा एक सैल घडी अशी, की एका वळणावर एक रंग दिसेल आणि दुसऱ्यावर दुसरा. त्यातून गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा कसा रंग दाखवेल हे विक्रेत्याच्या हातात नसतं. तिथे मराठीतली रंगांची नावं कामी येतात. मोरपंखी, राणी, चिंतामणी, डाळिंबी, वांगी ही नावं फोटोखाली लिहिली की बाईला साडी नेमकी कळते. ‘ब्लू’ लिहून कुणालाच काही कळत नाही.

येवल्याच्या विणकराकडे गेलेली चोखंदळ बाई पदर उलटून बघते. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही जवळजवळ तशीच सफाईदार असते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे, लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणजे खरेपणाचा पुरावा साडीच्या पाठीवर आहे. तरीही विक्रीच्या फोटोंत मोर समोरूनच काढलेला असतो, दहापैकी दहा वेळा. पदराचा कोपरा दुमडून सुलट-उलट शेजारीशेजारी दाखवणारा एक फोटो शंभर शब्दांचं काम करील, आणि जो विक्रेता तो दाखवत नाही त्याच्याबद्दल गिऱ्हाइकाने काय समजायचं ते समजावं.

खाण्याच्या पदार्थांत नाक आणि जीभ दोन्ही वजा. नाशिकचा चिवडा फोटोत घ्यायचा तर बंद पाकीट एकटं काही सांगत नाही. एक मूठ बशीत, थोडा बाहेर सांडलेला, आणि त्यात खोबऱ्याचे काप, दाणे, डाळं, तळलेला कढीपत्ता ओळखू येईल इतक्या जवळून. पण बशीत जितके काप तितकेच पाकिटात हवेत. फोटोसाठी वेचून वर मांडलेलं खोबरं ही लबाडीच. कुरडई आणि पापडांना गडद पाट किंवा काळी कार्डशीट हवी आणि उजेड बाजूने. कच्ची कुरडई आणि तळलेली कुरडई एकाच चौकटीत ठेवली की ती किती फुलते ते न विचारता कळतं. द्राक्षांच्या बाबतीत एक मोह आवरावा लागतो. ताज्या मण्यांवर पांढुरका मेणासारखा थर असतो. तो फळाचा स्वतःचा आहे, मळ किंवा फवारा नव्हे. फडक्याने पुसून मणी काचेसारखे चमकवले की फोटो देखणा येतो, आणि द्राक्ष ओळखणाऱ्याला मात्र ती हाताळलेली, शिळी वाटतात. घडाच्या मागून खिडकीचा उजेड आला की हिरवे मणी आतून पेटल्यासारखे दिसतात. पुसायची गरजच काय?

आकार हा सगळ्यांचाच प्रश्न. ‘दीड लिटरचा तांब्या’ वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. तोच तांब्या हातात धरलेला दिसला की येतं. हातही खराखुरा, घरचाच असावा. बांगडी असली तरी हरकत नाही.

मोठ्या बाजारपेठांचे नियम वेगळे आणि कडक. अ‍ॅमेझॉनवर पहिल्या फोटोची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि त्यावर मजकूर, लोगो किंवा वॉटरमार्क चालत नाही. पार्श्वभूमी एका बोटाने पुसणारी अ‍ॅप आता मुबलक आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहणं महागात पडतं. कळशीचा कान, कढईची कडी, साडीची झालर ही अ‍ॅप बेधडक कापतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तर एक पाऊल पुढे. साधी समई संगमरवरी देवघरात नेऊन ठेवतात आणि ठेवता ठेवता तिची एखादी वात कमी-जास्त करतात. गिऱ्हाइकाला घरी पाच वातींची समई मिळाली आणि फोटोत सात दिसत असतील तर ‘अ‍ॅपने केलं’ हे उत्तर चालणार नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मालाची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळती असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. बंद पाकिटातला माल ऑनलाइन विकताना निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती पडद्यावर दाखवण्याचं बंधन १ जानेवारी २०१८पासून आहे. ती नीट लिहावीच, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा, अक्षरं वाचता येतील असा एक सपाट फोटोही जोडावा. दिसायला हा सगळ्यात कंटाळवाणा फोटो, पण चौकस गिऱ्हाईक आधी त्याच्यावरच बोट ठेवतं.

एवढी मेहनत केल्यावर फोटो दुसऱ्याच दुकानाच्या नावाने फिरताना दिसतो, तो अनुभवही या धंद्यात नवा नाही. स्वतः काढलेल्या फोटोवर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने काढणाऱ्याचा हक्क असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क सहसा पैसे देणाऱ्याचा. मोबाइलमधली मूळ फाइल, तारखेसकट, जपून ठेवली तर आपलं म्हणणं मांडायला पुरावा राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली-गेलेली प्रत मूळ नव्हे. तिथे फोटो दाबून लहान केला जातो. छपाईसाठी पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

सगळंच घरी जमेल असंही नाही. वाइनची काळी बाटली हे उदाहरण नाशिककरांना जवळचं. काचेची कड मागून उजळायची, लेबल समोरून वाचता आलं पाहिजे आणि बाटलीच्या खांद्यावर खिडकीची चौकट उमटता कामा नये, या तिन्ही गोष्टी एका खिडकीत साधणं कठीण. बारीक खड्यांचा दागिनाही तसाच. तिथे व्यावसायिक फोटोग्राफरला पैसे द्यावेत आणि कुरबुर करू नये.

उरली टिचकी. काशाची वाटी घणघणते आणि नाद बराच वेळ रेंगाळतो, पितळ खणखणतं, तांब्याचा आवाज त्याहून दबका, पत्रा पातळ असेल तर नुसताच फटफट. गिऱ्हाइकाने आयुष्यभर कानाने ओळखलेल्या या गोष्टीला फोटोत जागा नाही, पण त्याच मोबाइलमध्ये व्हिडिओची कळ आहे. भांडं लाकडी पाटावर ठेवायचं किंवा काठाला दोन बोटांनी अलगद धरायचं, कारण घट्ट मुठीत धरलं तर नाद मरतो. मोबाइल हातभर अंतरावर ठेवायचा, पंखा बंद करायचा, मिक्सर चालू नाही ना ते पाहायचं, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यायची. मग एक टिचकी मारायची आणि आवाज पुरता विरेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही.